फुगवटा

सर्जेकोटच्या धक्क्यामागे माझं पत्र्याचं दुकान.
बोटींची इंजिनं इथं पोट उघडून पडलेली असतात.
होज फुटण्याआधी फुगतो.
रबर आतून थकतं, एका जागी मऊ पडतं,
तिथं बोट ठेवलं की इंजिन बोटाला ढकलतं.

शरू चार वर्षांची. वेणी घालताना मान तिरकी करून बसली
आणि जबड्याखाली सुपारीएवढं काही दिसलं.
गाठ, म्हणाले सगळे.
कुणी हळद उगाळली, कुणी गळ्यात काळा दोरा बांधला,
मालवणातून पाच दिवसांचं गोड औषध आलं.
मी दोन बोटं ठेवली.
सुपारीनं बोटांना ढकललं.

"गाठ न्हय गे ती," बायकोला म्हणालो, "पाइप फुगलो हा."
ती हसली नाही.

बांबोळीत डॉक्टर प्रियोळकरांनी
चिठ्ठीच्या पाठीवर पेनानं मान काढली.
मेंदूकडे जाणारी मोठी वाहिनी, तिची एक भिंत हरलेली.
"मान कापायची नाही.
जांघेतून एक तार आत घालू,
पोटातून, छातीतून वर,
काळजावरच्या कमानीला वळसा घालून मानेपर्यंत.
तिच्यावरून मिटलेली जाळीची नळी, अस्तर लावलेली.
जागेवर पोचली की उघडायची.
रक्त नळीतून जाईल,
बाहेर राहिलेलं गोठेल, फुगवटा सुकेल."

मी विचारलं, व्यास किती?
त्यांनी सांगितला.
गंज?
नाही.
क्लॅम्प कुठला लावता?
"लावत नाही. उघडली की ती स्वतःच भिंत धरते."
मग मी विचारलं,
"चेडू वाढतला. नळी वाढतली काय?"

त्यांनी पेन खाली ठेवलं.
"नाही. नळी वाढत नाही.
थोडी मोठी घालू. पुढं फुग्यानं रुंद करता येईल.
कदाचित. कदाचित पुन्हा यावं लागेल.
इतक्या लहान मुलांत आम्ही फार थोड्या केल्यात."

गिऱ्हाइकाला मी असं कधीच सांगितलं नाही.
जुना पार्ट हातात देऊन म्हणतो, घे रे, काय होत नाय.
सही केली. कागदावर ऑइलचा अंगठा उठला,
तो नर्सनं पुसायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

दोन तास चाळीस मिनिटं.
बायकोच्या मुठीत शरूच्या केसांच्या पिना,
पाच होत्या, ती मोजत होती, पाचच होत्या.

नंतर सहा तास उजवा पाय हलवायचा नाही.
चार वर्षांच्या पोरीला हे कोण सांगणार?
बायको गुडघ्यावर हात ठेवून बसली.
"पाय नांगरलो हा," म्हणाली, "भरती येवंदे, मगे सोडूया."
तीनदा भरती आली का, विचारून शरू झोपली.

घरी आल्यावर आरशापुढे उभी. रागावलेली.
"टाके खंय?"
शेजारच्या सुबोधला कालवांवर पडून सात टाके पडलेत,
तो सगळ्यांना गुडघा दाखवतो.
हिच्याकडे जांघेत एक ठिपका, तोही दाखवता येत नाही.

रोज पाव गोळी, मधात.
धक्क्यावरून उडी नाही. कुणी पाठीवर थाप मारायची नाही.
सुपारी आधी टणक झाली, मग चिंचोका, मग काहीच नाही.

पण गेले दोन महिने बायको
त्या ठोक्यावर दोन बोटं ठेवून झोपत होती.
आता अंधारात दचकून मला उठवते:
"अरे, लागणा नाय."
मी तिचा हात थोडा खाली सरकवतो,
हाडाच्या वरच्या खळगीत.
तिथं लागतो. बारीक, पण लागतो.

दुकानाच्या लोखंडी खांबावर मी खिळ्यानं शरूची उंची ओढतो.
इतर बाप कशासाठी ओढतात ते मला माहीत आहे.
जूनमध्ये ती दीड बोट वाढली.
मी धक्क्याच्या टोकाला, जिथं रेंज येते तिथं, जाऊन फोन केला.
डॉक्टर बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मागं कुणाचं तरी मूल रडत होतं.
मग म्हणाल्या,
वाढू दे.